चलचित्र संकेतनासाठी संगणकाची जुळणी

चलचित्र संकेतनासाठी संगणकाची जुळणी म्हणजे डिजिटल चित्रणाचे एका स्वरूपातून दुसऱ्या, सहसा अधिक आटोपशीर स्वरूपात रूपांतर करण्यासाठी डेस्कटॉप संगणकाचे सुटे भाग निवडून ते एकत्र बसविणे. व्यवहारात या रूपांतरास एन्कोडिंग म्हणतात. लग्नसमारंभांचे चित्रण करणारे व्यावसायिक, हौशी नाट्यसंस्था, पाठांचे चित्रण करणारे शिक्षक आणि जुन्या फिती जपू पाहणारी कुटुंबे यांना अशा संगणकाची गरज पडते. मध्यम श्रेणीच्या खर्चात प्रत्येक भाग सर्वोत्तम घेता येत नाही. त्यामुळे कामाचा वेळ नेमका कोणत्या भागावर खर्च होतो, हे ओळखणे हा निवडीचा पाया ठरतो.

कामाचे स्वरूप

असंक्षिप्त चलचित्राचा आकार फार मोठा असतो. १९२० × १०८० पिक्सेलच्या एका फ्रेमला, रंगांची माहिती नेहमीच्या पद्धतीने कमी केल्यानंतरही, सुमारे ३.१ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास हा प्रवाह सुमारे ७८ मेगाबाइट प्रतिसेकंद होतो. तोच सेकंदाला १ मेगाबाइटवर, म्हणजे ८ मेगाबिटवर आणल्यास दीड तासाचा चित्रपट सुमारे ५.४ गिगाबाइटमध्ये मावतो. लागोपाठच्या फ्रेममधील साम्य शोधणे, हालचालींचा अंदाज बांधणे आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील वगळणे, या मार्गांनी ही घट साधते. साम्याचा हा शोध हाच कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग असून तो गणनेचा भाग आहे. डिस्कवरून माहिती वाचण्यास व लिहिण्यास त्या मानाने थोडा वेळ लागतो.

प्रचलित संकेतन मानकांपैकी एच.२६४ हे २००३ मध्ये, एच.२६५ अर्थात एचईव्हीसी २०१३ मध्ये, तर एव्ही१ हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या मानकांत त्याच दर्जासाठी कमी जागा लागते, एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा देणे हे एच.२६५ चे उद्दिष्ट होते. मात्र त्यासाठी गणना बरीच वाढते.

सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर संकेतन

संकेतन दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात एक्स२६४, एक्स२६५ किंवा एसव्हीटी-एव्ही१ यांसारख्या आज्ञावली संपूर्ण गणना प्रोसेसरवर करतात. एफएफएमपेग आणि हँडब्रेक या मुक्त आज्ञावलींतून त्या वापरता येतात. दुसऱ्या प्रकारात ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी कोरलेले स्वतंत्र मंडल वापरले जाते. इंटेलने क्विक सिंक या नावाने २०११ मध्ये, तर एनव्हिडियाने एनव्हीएन्क या नावाने २०१२ मध्ये ही सोय आणली.

हार्डवेअर संकेतन बरेच जलद होते व वीजही कमी लागते. परंतु संथ गतीने चालविलेले सॉफ्टवेअर संकेतन सामान्यतः तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये अधिक चांगले चित्र देते. म्हणून ग्राहकाला त्याच दिवशी द्यावयाच्या चित्रणासाठी किंवा थेट प्रक्षेपणासाठी हार्डवेअर पद्धत, तर एकदाच करून कायम जपावयाच्या प्रतीसाठी सॉफ्टवेअर पद्धत सोयीची ठरते. सुट्या भागांची निवड या निर्णयानंतरच करणे इष्ट असते.

प्रोसेसर

सॉफ्टवेअर संकेतनात खर्चाचा मोठा वाटा प्रोसेसरला द्यावा लागतो. मध्यम श्रेणीत ६ कोअर व १२ थ्रेडचा रायझन ५ ७६००, ८ कोअर व १६ थ्रेडचा रायझन ७ ७७००, तसेच १४ कोअर व २० थ्रेडचा कोअर आय५-१४५०० ही उदाहरणे आहेत. आय५-१४५०० च्या १४ कोअरपैकी ६ वेगवान, तर ८ कमी वीज वापरणारे आहेत. त्यामुळे कोअरच्या संख्येवरून थेट तुलना करता येत नाही.

कोअर वाढविल्याने वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. एक्स२६५ मध्ये फ्रेमचे सहसा ६४ पिक्सेल उंचीचे पट्टे पाडून त्यांवर समांतर काम केले जाते आणि प्रत्येक पट्ट्याला वरच्या पट्ट्याच्या थोडे मागे राहावे लागते. २१६० ओळींच्या फोर-के चित्रात असे ३४ पट्टे पडतात, १०८० ओळींच्या चित्रात १७, तर जुन्या फितींच्या ५७६ ओळींत केवळ ९. एकाच वेळी अनेक फ्रेमवरही काम होते, परंतु फ्रेम परस्परांवर अवलंबून असल्याने त्यालाही मर्यादा आहे. परिणामी लहान आकाराच्या चित्रणात अनेक कोअर रिकामे राहतात. अशा वेळी दोन-तीन फाइलींचे संकेतन एकदम चालविल्यास प्रोसेसरचा पुरेपूर उपयोग होतो.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले व त्यावर मायक्रोकोड सुधारणा दिल्या. या पिढीचा प्रोसेसर घेतल्यास मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत करणे आवश्यक आहे.

ग्राफिक्स चिप

केवळ सॉफ्टवेअर संकेतन करावयाचे असल्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्डची आवश्यकता नसते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरते. हार्डवेअर संकेतन हवे असल्यास मात्र नेमके मॉडेल तपासावे लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यांत ग्राफिक्स चालत नाही आणि म्हणून क्विक सिंकही मिळत नाही. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्ये, तसेच एएमडीच्या आरएक्स ६४०० व आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांमध्ये संकेतनाचे मंडलच नाही. एव्ही१ चे हार्डवेअर संकेतन २०२२ मध्ये आलेल्या इंटेल आर्क, आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० या मालिकांपासून उपलब्ध झाले.

स्मृती व साठवण

१०८० ओळींच्या कामासाठी १६ गिगाबाइट रॅम चालते. फोर-के चित्रण, संपादन किंवा एकाच वेळी अनेक फाइली असल्यास ३२ गिगाबाइट सोयीची ठरते. एका पट्टीऐवजी सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या बसविल्यास रॅमच्या दोन्ही वाहिन्या वापरात येतात. कार्यप्रणाली व चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी आणि पूर्ण झालेल्या कामाच्या साठ्यासाठी मोठी हार्ड डिस्क, अशी विभागणी प्रचलित आहे. अधिक महागड्या एसएसडीमुळे संकेतनाचा वेग सहसा वाढत नाही. तो पैसा दुसऱ्या हार्ड डिस्कवरील प्रतीसाठी खर्च करणे अधिक उपयुक्त ठरते.

थंडावा व वीजपुरवठा

संकेतनात प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो. तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागल्यास तो आपला वेग आपोआप कमी करतो. त्यामुळे अपुऱ्या कूलरखालील महाग प्रोसेसर स्वस्त प्रोसेसरएवढेच काम करू शकतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत समोर जाळी असलेली कॅबिनेट, किमान दोन पंखे आणि चांगला एअर कूलर यांवरील खर्च म्हणूनच वाया जात नाही. मुंबई–बंगळूर महामार्गालगत असलेल्या वारजे उपनगरासारख्या भागात रहदारीच्या धुळीचाही विचार करावा लागतो. काढून धुता येणारी जाळी आणि ठरावीक काळाने केलेली सफाई यांमुळे कूलरची क्षमता टिकते.

मध्यम ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकास बहुधा ५५० ते ६५० वॉटचा, ८० प्लस प्रमाणित पॉवर सप्लाय पुरतो. वीज गेल्यास अर्धवट राहिलेली फाइल बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून यूपीएस जोडणे हितावह असते. घरगुती इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा विद्युत्प्रवाह चौकोनी लहरींचा असल्यास काही आधुनिक पॉवर सप्लाय त्यावर नीट चालत नाहीत; साइन लहरींचे उपकरण अधिक सुरक्षित असते. संगणक सरासरी १५० वॉट वापरत असल्यास दहा तासांच्या संकेतनास दीड युनिट वीज लागते.

जुन्या फितींसाठी विशेष गरजा

भारतात घरगुती चित्रणासाठी वापरल्या गेलेल्या व्हीएचएस व मिनीडीव्ही फिती पाल पद्धतीच्या आहेत. त्यांत सेकंदाला २५ फ्रेम असून प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. ही अर्धी चित्रे विलग करून पूर्ण चित्रे बनविण्याच्या दर्जेदार पद्धती कधीकधी प्रत्यक्ष संकेतनापेक्षाही अधिक वेळ घेतात आणि तो भारही मुख्यतः प्रोसेसरवर पडतो.

मिनीडीव्ही फितीवरील माहिती जशीच्या तशी उतरविण्यासाठी कॅमेऱ्याची फायरवायर जोडणी वापरली जाते. आजच्या मदरबोर्डवर ती सहसा नसल्याने स्वतंत्र कार्ड बसविण्यासाठी पीसीआय एक्सप्रेसचा एक मोकळा स्लॉट राखावा लागतो. एका तासाच्या मिनीडीव्ही फितीस सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. व्हीएचएससाठी चालू स्थितीतील व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण लागते. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविल्यानंतर नवीन यंत्रे मिळेनाशी झाली; उरलेली यंत्रे व फिती दोन्ही जुन्या होत आहेत.

संकेतनात वगळलेला तपशील परत मिळविता येत नाही. त्यामुळे फितीवरून उतरविलेली मूळ फाइल शक्यतो जपून ठेवतात आणि पाहण्यासाठी वेगळी संक्षिप्त प्रत तयार करतात.

खरेदी

पुण्यातील बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे परिचित बाजार आहेत. खरेदी करताना प्रोसेसर व मदरबोर्डचे सॉकेट, रॅमचा प्रकार आणि कॅबिनेटमध्ये मावणारी कूलरची उंची यांचा मेळ तपासावा लागतो. रायझन ७००० मालिकेस एएम५ सॉकेट व डीडीआर५ रॅम लागते. इंटेलच्या चौदाव्या पिढीत मदरबोर्डनुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ चालते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असल्याने बिलावर भागाचे मॉडेल व अनुक्रमांक नोंदवून घेणे उपयोगी पडते. पहिल्या काही दिवसांत अनेक तास सलग संकेतन चालवून तापमान व स्थिरता तपासल्यास सदोष भाग बदलून घेण्याच्या मुदतीतच लक्षात येतो.