गावची शीव

मनमाडच्या आसपास तीन तालुक्यांच्या शिवा भिडतात. मनमाड नांदगाव तालुक्यात, अनकाईचा किल्ला येवल्यात, अन् पश्चिमेला निघालं की चांदवड लागतं.

जुन्या काळी गावचा कारभार पाटलाकडं अन् दप्तर कुलकर्ण्याकडं. पण शीव ठाऊक असायची ती महाराला. हद्दीचा तंटा झाला की त्याची साक्ष शेवटची मानत. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याचं घर मात्र वेशीबाहेर! हे आपण विसरू नये.

पुढं १९५८ च्या कायद्यानं ग्रामपंचायती आल्या, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा, अन् १९६३ च्या १ जानेवारीला मुलकी पाटीलकीचं वतन गेलं. हद्द आता तलाठ्याच्या नकाशात असते.

नकाशावर दोन गावांमधी एक बारीक रेघ. आमच्याकडं त्या रेघेवरच शिवरस्ता आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. वस्तीवरची पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. ह्या पंचायतीत गेलं तर म्हणतात, रस्ता तिकडचा. तिकडं गेलं तर म्हणतात, तुमचा. दोन्ही ग्रामसभांनी मिळून एक ठराव केला तर काम पुढं सरकेल. तेवढंच अजून झालेलं नाही.