भरती, भोंगा आणि रजेचा अर्ज

मे महिन्यातल्या शनिवारी वर्सोव्याच्या धक्क्यावर तरीसाठी गर्दी असते. पाठीवर सॅक, हातात चेंडू आणि खाऊच्या पिशव्या घेतलेली कुटुंबं पलीकडे मढला निघालेली असतात. तरीतून खाडी ओलांडायला मोजकी मिनिटं पुरतात. तेच मालाडला वळसा घालून, मार्वे रस्त्याने जायचं म्हटलं तर निम्मा दिवस वाहतुकीत जातो. याच तरीतून मढच्या कोळणी बाजार करून घरी परतत असतात. एका घराची सुट्टी सुरू होत असते तेव्हा दुसऱ्या घराचा कामाचा दिवस अर्ध्यावर आलेला असतो.

मुंबईकरांच्या सहलींबद्दल बोलताना ठिकाणांची नावं आधी येतात: माथेरान, महाबळेश्वर, गणपतीपुळे, गोवा. पण नोकरी करणाऱ्या घरात ठिकाण बरंच नंतर ठरतं. आधी रजा मिळावी लागते, ती पगारी असावी लागते, आणि घरातल्या सगळ्यांची एकाच वेळी जमावी लागते. या तीन गोष्टी एकामागून एक, सव्वाशेहून अधिक वर्षांत मिळत गेल्या, आणि तिसरी अजून पुरती मिळालेली नाही.

मढच्या कोळीवाड्यात आई आणि बाप दोघंही कमावते असणं ही नवी गोष्ट नव्हे. नाखवा समुद्रावर जातो आणि मासळी किनाऱ्याला लागली की पुढचा कारभार बायकोचा: निवडणं, वाळवणं, बाजार, उधारी, हिशेब. या घरांची रजा मंजूर करतो तो समुद्र. इथली डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. डोल म्हणजे खुंटांच्या आधाराने पाण्यात रोवून ठेवलेलं भलं मोठं निमुळतं जाळं. प्रवाहच मासळी त्यात लोटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो, तेव्हा घरात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, ओढ मंदावते. मग जाळी सांधायची, पाहुण्यांकडे जायचं, लग्नाच्या बोलण्या करायच्या.

मोठी सवड पावसाळ्यात मिळते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पण शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आईबाप मोकळे होतात तेव्हा मुलांची सुट्टी संपत आलेली असते. त्यामुळे कोळी कुटुंबांचा एकत्र प्रवास बहुतेक वेळा देवाच्या निमित्ताने होत आला. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची जत्रा भरते, आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून घरंच्या घरं डोंगर चढायला निघतात. नवस, पालखी, नातेवाइकांच्या भेटी आणि मुलांसाठी खेळणी, सगळं एकाच फेरीत होतं.

मढच्या शेजारी एरंगळच्या किनाऱ्यावर १५७५ मध्ये बांधलेलं संत बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथला सण असतो. मुंबईच्या उपनगरांतली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं पूर्वी बैलगाड्या जोडून, भांडीकुंडी आणि शिधा बरोबर घेऊन तिथं यायची. प्रार्थनेसाठी आलेली माणसं वाळूत चूल मांडून दिवस घालवायची आणि आसपासचे कोळीही सणात सामील व्हायचे. आजही त्या रविवारी एरंगळचा किनारा माणसांनी फुलून जातो.

देवाच्या नावाने मिळणारी ही मोकळीक गिरणीच्या फाटकाआत चालत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत काम सूर्याबरोबर सुरू व्हायचं आणि सूर्याबरोबर संपायचं. सणावारी यंत्रं थांबली तर थांबली; आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. मागणी मान्य व्हायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. कारखान्यात राबून घरी चूल पेटवणाऱ्या बाईला त्या एका दिवसाची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. देवदर्शन आणि विश्रांती एकाच दिवशी साधली.

रविवार मिळाला, पण घर गावाला होतं. गिरणगावातला कामगार बहुतेक करून रत्नागिरीचा, सातारचा किंवा घाटावरच्या इतर जिल्ह्यांतला. बायको-मुलं गावी, आणि तो परळ-लालबागच्या एका खोलीत पाच-दहा जणांबरोबर. त्याची सहल म्हणजे घरी जाणं. शिमगा, गणपती, मे महिन्यातली लग्नं आणि पेरणी यांसाठी तो जायचा, आणि तेवढे दिवस त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. पगार अर्थातच बदलीला मिळायचा. परत येईपर्यंत आपली जागा शाबूत राहील याचीही खात्री नसे. कामगारांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडू नये, उलट ते जपून त्याला नियमित रूप द्यावं, अशी शिफारस केली. गावाला जाण्याच्या ओढीला सरकारी कागदावर मिळालेली ती मोठी मान्यता होती.

पगारी रजेचा कायदा मात्र १९४५ मध्ये आला. वर्षभर नोकरी केलेल्या प्रौढ कारखाना कामगाराला १० दिवसांची पगारी सुट्टी मिळू लागली. १९४८ च्या कारखाना कायद्याने हिशेब बदलला: कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. तेव्हापासून हजेरीपटाचे आकडे घरोघरी पाठ झाले. किती दिवस भरले, किती शिल्लक, गणपतीला किती लागतील आणि बहिणीच्या लग्नाला किती ठेवायचे, याची बेरीज-वजाबाकी चाळीच्या गॅलरीत होऊ लागली.

रजा मंजूर झाली की भाऊचा धक्का. कोकणच्या आगबोटी तिथून सुटायच्या: दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. ट्रंका, वळकट्या, मुलांसाठी मुंबईची मिठाई आणि आईसाठी लुगडं घेऊन चाकरमानी डेकवर जागा धरायचा. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. पडावातून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात तर या बोटी बंदच असत. जवळच्या फेऱ्याही सुरक्षित नव्हत्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत गटारीच्या सणासाठी घरी निघालेले कितीतरी जण होते. एका दिवसाची रजा पदरात पाडून घरी जाण्याची ही किंमत रायगडच्या किनाऱ्यावरची गावं पुढे अनेक वर्षं विसरली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीय घरात सुट्टीला दुसरी वाट फुटली. केंद्र सरकारने १९५६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत सुरू केली. एलटीसी या तीन अक्षरांनी दादर-पार्ल्यातल्या कारकुनाच्या घरात काश्मीर आणि कन्याकुमारी आणली. दोन वर्षांतून एकदा मूळ गावी आणि चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही, अशी ही सवलत रूढ झाली, आणि सुट्टीचं नियोजन चार वर्षांच्या ‘ब्लॉक’मध्ये होऊ लागलं. बँका आणि मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी हॉलिडे होम घेतली. तिथल्या खोलीसाठी अर्ज करायचा, यादीत नाव लागलं की शेजाऱ्यांना सांगायचं, आणि जाताना स्टोव्ह व डाळ-तांदूळ बरोबर घ्यायचे.

हे सगळं जुळवणं ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी मराठी सहल कंपन्या उभ्या राहिल्या. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. तिकिटं, मुक्काम, बस आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या वरणभातापर्यंत सगळं एका रकमेत. नोकरी करणाऱ्या बाईसाठी यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची होती. तोवर हॉलिडे होममध्येही पोळ्या तिनेच लाटल्या होत्या. पुढे याच कंपनीने फक्त स्त्रियांसाठी ‘माय फेअर लेडी’ नावाच्या सहली काढल्या, आणि घरच्या कुणाचंही ताट वाढायचं नसलेले आठ दिवस बायकांना मिळाले.

ही बाई एव्हाना लोकलमध्ये होती. तिच्यासारख्यांची गर्दी इतकी वाढली की ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेटहून बोरिवलीला पहिली लेडीज स्पेशल सोडली. दोघांच्या पगाराने घर वर आलं. मालाड-कांदिवलीत स्वतःचा फ्लॅट झाला, मुलं चांगल्या शाळेत गेली. पण सुट्टीचं गणित अवघड झालं. पूर्वी नवऱ्याची रजा आणि मुलांची मे महिन्याची सुट्टी एवढंच जुळवायचं होतं. आता तिच्या ऑफिसचं मार्चअखेरीचं काम, त्याच्या कंपनीचं ऑडिट, धाकट्याचे क्लास आणि थोरलीची दहावी ही चार वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून बघावी लागतात. शिवाय आईची रजा सहलीपर्यंत उरतच नाही. मुलाचा ताप, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शाळेतली पालकसभा यांत ती आधीच खर्ची पडते. केंद्र सरकारने सप्टेंबर २००८ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती याच वास्तवाची दखल होती. खासगी नोकरीतल्या बाईला तिचा उपयोग नव्हता.

आठ दिवस सलग जमेनात, तेव्हा कुटुंबांनी सुट्टीचे तुकडे केले. शनिवार-रविवारने त्यांना हात दिला. केंद्र सरकारी कार्यालयांत १९८५ मध्ये पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. दोन दिवसांच्या सुट्टीला जवळचं गाव लागतं, आणि उपनगरातल्या माणसाला मढ-अक्सा-एरंगळपेक्षा जवळचं काही नाही. मालाड स्टेशनहून बेस्टची २७१ क्रमांकाची बस थेट मढला जाते. किनाऱ्यालगत रिसॉर्ट आणि भाड्याचे बंगले उभे राहिले. एकाच बंगल्यात सोमवारी मालिकेचं चित्रीकरण, शुक्रवारी हळद आणि शनिवारी तीन भावंडांची कुटुंबं आजी-आजोबांसह मुक्कामाला, असं चालतं.

अशा दोन दिवसांचीही आखणी करावी लागते, आणि ती भरती-ओहोटीपासून करावी. अक्साचा किनारा दिसायला सपाट आहे, पण ओढ फसवी आहे. पोहायला उतरलेली कित्येक माणसं तिथं बुडाली आहेत. जीवरक्षकाची शिट्टी ऐकायची, पावसाळ्यात पाण्यात पाऊल टाकायचं नाही आणि भरतीची वेळ आधी बघून ठेवायची. मढच्या टोकावरचा पोर्तुगीजांचा किल्ला, जो १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला, हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे बाहेरूनच बघावा लागतो. एरंगळचं चर्च आणि कोळीवाड्यातलं हरबादेवीचं देऊळ मात्र मुलांना घेऊन निवांत बघण्यासारखं आहे.

लांबच्या प्रवासाची आखणी मोबाइलवर आली, तरी सुटसुटीत झाली असं नाही. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे प्रवासाच्या दोन महिने आधी दोन्ही ऑफिसांतून होकार हवा. गणपतीत कोकण रेल्वेच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, आणि सकाळी आठ वाजता नवरा-बायको दोघं दोन फोनवर एकाच गाडीसाठी बसलेली असतात. हातात हक्काच्या रजा किती? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा, ८ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साठवलेल्या रजा न वापरता नोकरी सोडणारे पुष्कळ आहेत. नोकरी करणाऱ्या जोडप्याने वर्षाच्या सुरुवातीलाच, शाळेचं वेळापत्रक हातात येताच, दोघांच्या रजांचा अर्ज एकाच दिवशी टाकायला हवा. ज्या हक्कासाठी माणसं इतकी झगडली तो हजेरीपटात पडून राहू नये.

या कायद्याचा परीघ मात्र ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातला पोऱ्या त्यात येत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींच्या पगारी रजेलाही असा आधार नाही, आणि दोघंही नोकरी करतात अशा घरांचा दिवस त्यांच्याच हातावर चालतो. घर मढला किंवा मालवणला गेलं की त्या आठवड्याचे पैसे पुष्कळ ठिकाणी त्यांच्या पगारातून कापले जातात. ज्या घरांत सहलीची तारीख ठरताच मावशींनाही त्याच दिवसांची पगारी सुट्टी सांगितली जाते, तिथं मावशीही मुलांना घेऊन चार दिवस माहेरी जाऊन येतात. कायदा होईल तेव्हा होईल. येत्या मे महिन्याच्या रजेचा अर्ज भरतानाच प्रत्येक घराला हे ठरवता येण्यासारखं आहे.