धमनी: फुंकणीपासून नाडीपर्यंत

‘धमनी’चा जन्म फुंकण्यातला. संस्कृत ‘ध्मा’ धातूचा अर्थ फुंकणे. शंख फुंकणे, भात्याने विस्तव पेटवणे हे सारे त्यातच येते. हाच शब्द शरीरातल्या नळ्यांनाही लागला: सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या सांगितल्या आहेत.

नवल म्हणजे धमनीसाठीचा ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही श्वासनळीला लावला जाई. मृतदेहातल्या धमन्या बहुधा रिकाम्या दिसत, म्हणून ग्रीक वैद्य एरासिस्ट्रॅटसने त्यांत वायू असतो असे मानले. पुढे गेलन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधे चिरली. आत रक्तच होते! रक्त फिरते कसे, हे मात्र इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६२८ साली मांडले.

आज वॉर्डातल्या सिस्टर नाडी मोजताना अशीच एक धमनी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन-तीन बोटांनी चाचपतात. अंगठा टाळतात, कारण त्याची स्वतःची नाडी फसवते. प्रौढाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला साधारण ६० ते १००. लय चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजायचे, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या सिस्टरने छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा. मनगटावरचा आकडा कमी भरला, तर हृदयाचे काही ठोके तिथवर पोचत नाहीत. ही तफावत केसपेपरवर लिहून डॉक्टरांना लगेच कळवतात.