चीनमधील भारतीय विद्यार्थी : भाषाध्ययनाकडून पदवीकडे

भारत-चीन संबंधांचा अभ्यास बहुधा सीमाप्रश्न व राजनय यांच्या अंगाने केला जातो. चीनमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्यांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. १९४७ मध्ये भारत सरकारने शिष्यवृत्ती देऊन काही विद्यार्थी पेकिंग विद्यापीठात पाठविले. व्ही. व्ही. परांजपे हे त्यांपैकी एक मराठी विद्यार्थी होत. त्यांच्या अध्ययनकाळातच, जानेवारी १९४९ मध्ये, ते शहर कम्युनिस्ट सैन्याच्या ताब्यात गेले. चिनी भाषा आत्मसात करून परांजपे पुढे परराष्ट्र सेवेत रुजू झाले आणि १९५४ मध्ये नेहरूंच्या चीन दौऱ्यात त्यांनी दुभाष्याचे काम केले. एका विद्यार्थ्याचे भाषाज्ञान अशा रीतीने राष्ट्राच्या उपयोगी पडले.

१९६२ च्या युद्धाने ही देवाणघेवाण खंडित झाली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने पुन्हा चीनकडे वळले. मात्र आता ओढ होती ती एमबीबीएस पदवीची. मायदेशातील अपुऱ्या जागा व खासगी महाविद्यालयांचे भरमसाट शुल्क ही त्यामागील प्रमुख कारणे होत. अध्यापन इंग्रजीतून होत असले, तरी रुग्णालयातील रुग्ण चिनीच बोलतो. भाषा कच्ची राहिली, की प्रत्यक्ष वैद्यकीय प्रशिक्षणही अपुरे राहते. २०२० मध्ये करोनामुळे चीनने सीमा बंद केल्या, तेव्हा मायदेशी आलेले हजारो विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ या प्रशिक्षणालाच मुकले.

म्हणून शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागातील प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना शुल्काइतकाच भाषेचाही विचार त्यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे आहे.