पाण्यावर तरंगणारी साक्ष

अर्भक मृतच उपजले, की जन्मल्यावर श्वास घेऊन मग मेले, एवढ्या एका प्रश्नावर सतराव्या शतकातील युरोपात कित्येक अविवाहित स्त्रियांचे प्राण टांगलेले असत. आणि इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्याने तर अपत्याचा मृत्यू लपविणाऱ्या अशा स्त्रीवरच, ते मृत उपजले हे निदान एका साक्षीदारानिशी शाबीत करण्याचा भार टाकला होता. एकांतात, तोंडात पदराचा बोळा कोंबून प्रसवलेल्या मुलीने साक्षीदार आणावा तरी कोठून?

श्वास घेतलेले फुप्फुस पाण्यावर तरंगते, हे डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम याने १६६७ मध्ये नोंदले होते. परंतु १६८१ साली सॅक्सनीतील त्साइट्स येथे, पंधरा वर्षांच्या एका शेतकरी मुलीवर बालहत्येचा आरोप आला असता, योहान श्रेयर या वैद्याने अर्भकाची फुप्फुसे पाण्यात सोडली. ती बुडाली. मुलगी अखेर सुटली, आणि ही परीक्षा न्यायदरबारात रूढ झाली.

परीक्षेची रीत मोठी बारकाईची होती. श्वास न घेतलेले फुप्फुस काळसर तांबडे, यकृतासारखे घट्ट असते; श्वास घेतलेले फिकट गुलाबी, आणि बोटांनी दाबताच कुरकुरणारे. आधी हृदयासकट दोन्ही फुप्फुसे पाण्यात, मग एकेक निराळे, मग कापून केलेले तुकडे, आणि तेही तरंगले तर चांगले पिळून पुन्हा पाण्यात टाकीत.

तथापि कुजलेल्या देहात वायू साठून मृत उपजलेल्याचे फुप्फुसही तरंगते. जीव आणण्यासाठी कोणी तोंडाने फुंकर घातली तरी तरंगते. आणि प्रसव पुरता होण्याआधीच मूल एखादा श्वास घेऊन मरते. लंडनचे विख्यात प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांचा, या खुणांच्या अनिश्चिततेवरील निबंध १७८३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर वाचला गेला. श्वास घेतला एवढ्याने हत्या सिद्ध होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. तो १६२४ चा कायदा १८०३ साली रद्द झाला.

फुप्फुसाला विचारण्याची वेळच येऊ नये, अशी तजवीज मात्र जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात केली. बालहत्या प्रतिबंधक गृहात फसविल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, आणि मूल तेथेच ठेवून जावे, ही मुभा होती. तिथे एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.