अश्वहृदय आणि अक्षहृदय

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. पंचांगाने या दिवसाला आणखी एक नाव दिलेले आहे, पण ते घरात सहसा कोणी उच्चारीत नाही. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. शंकर-पार्वती या दिवशी फासे खेळली अशी कथा आहे, आणि तिच्या आधाराने शास्त्राने वर्षातून एक दिवस द्यूताला मुभा दिली आहे. तेव्हा चकली-चिवड्याच्या जोडीला घोड्यांच्या शर्यतींची गोष्ट वाढली तर वाचकांनी नाक मुरडू नये. शिवाय मला सांगायची आहे ती पैसे लावणाऱ्यांची कहाणी नव्हे. कोणता घोडा जिंकणार हे शर्यतीआधी सांगू पाहणाऱ्या माणसांची ती कहाणी आहे.

या कहाणीचे बीज आपल्याच घरात आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलराजा आठवा. फाशांच्या खेळात राज्य गमावून तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली आणि एका दिवसात विदर्भ गाठायचे ठरले. नलाने घोडे निवडले ते दिसायला अगदी किरकोळ; राजा रागावलासुद्धा. पण रथ असा सुटला की राजाचे उत्तरीय वाऱ्याने उडाले आणि ते उचलायला थांबावे म्हणेपर्यंत योजनभर मागे पडले. वाटेत ऋतुपर्णाने आपलीही विद्या दाखविली. बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून त्याने पानांची आणि फळांची संख्या सांगितली. नलाने उतरून मोजली, ती बरोबर निघाली. मग दोघांनी विद्यांची अदलाबदल केली. घोड्यांचे मर्म जाणणारे अश्वहृदय नलापाशी होते, फाशांचे आणि संख्येचे मर्म जाणणारे अक्षहृदय ऋतुपर्णापाशी. शर्यतीचे भाकीत करणाराला या दोन्ही विद्या लागतात, आणि त्या दोन्ही एका माणसाच्या ठायी क्वचितच नांदतात. पुढची सारी हकीकत म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

आता विलायतेत जाऊ, कारण घोड्याचे भाकीत हा धंदा म्हणून वाढला तो तिथे. ३ मे १७६९ रोजी एप्समच्या मैदानावर एक्लिप्स नावाचा घोडा प्रथमच शर्यतीत उतरला. १७६४ सालच्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचे नाव एक्लिप्स. त्या काळी एकच शर्यत चार-चार मैलांच्या अनेक फेऱ्यांत धावत. पहिली फेरी त्याने सहज जिंकली. तेव्हा डेनिस ओकेली नावाचा आयरिश जुगारी, जो कर्जापायी तुरुंगाची हवा खाऊन आला होता, पैज मारून बसला की पुढच्या फेरीत सगळे घोडे कोणत्या क्रमाने येतील ते मी सांगतो. लोक हसले. त्याने क्रम सांगितला : एक्लिप्स पहिला, आणि बाकीचे कुठेच नाहीत! यात मेख अशी होती की, विजेत्याच्या मागे २४० यार्डांपेक्षा अधिक अंतरावर राहिलेल्या घोड्याला नियमाप्रमाणे क्रमांकच मिळत नसे. एक्लिप्सने सर्वांना तेवढे मागे टाकले आणि ओकेलीने पैज जिंकली. पुढे ओकेलीने तो घोडा विकत घेतला. एक्लिप्स अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. ओकेलीने घोडाही ओळखला होता आणि नियमातील संख्याही.

पण ओकेलीसारख्याचे ज्ञान त्याच्या स्वतःपुरते असे. घोडा कोणाचा, कोणत्या वंशाचा, मागे कुठे हरला, या गोष्टी तबेल्याच्या भिंतीआडच राहत. न्यूमार्केटच्या माळावर पहाटे घोड्यांच्या चाचण्या होत, त्या चोरून पाहायला हेर येत आणि सापडले तर हाकलून दिले जात. हा पडदा छापखान्याने बाजूला केला. १७२७ साली जॉन चेनी याने वर्षभरातील शर्यतींच्या निकालांची यादी छापली. १७७३ पासून जेम्स वेदरबीचे ‘रेसिंग कॅलेंडर’ निघू लागले आणि १७९१ साली घोड्यांची वंशावळ सांगणारे ‘जनरल स्टड बुक’ अवतरले. आपल्याकडे पंड्यांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात ना, तसाच प्रकार. फक्त यजमान चार पायांचे.

छापील नोंदीवर भाकीत करायचे तर नोंद खरी हवी. १८४४ सालच्या डर्बीत नेमके तेच बिघडले. डर्बी ही केवळ तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. ती ‘रनिंग रेन’ने जिंकली, पण लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी माग काढला तेव्हा निष्पन्न झाले की, धावलेला घोडा रनिंग रेन नव्हताच. तो होता मॅकाबियस, चार वर्षांचा! प्रकरण कोर्टात गेले. न्यायाधीशांनी सांगितले, घोडा हजर करा. घोड्याचे वय दातांवरून कळते, हे सगळ्यांनाच ठाऊक. घोडा काही हजर झाला नाही, आणि विजेतेपद दुसऱ्या आलेल्या ऑर्लंडोला मिळाले. तोतयाचे बंड आपण पेशवाईत पाहिले, विलायतेने ते घोड्यांत पाहिले.

यानंतर आला अॅडमिरल राउस. १८५५ साली हा दर्यावर्दी गृहस्थ वजने ठरविणारा अधिकारी झाला. बलवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, दुर्बळाच्या पाठीवर कमी, याला हॅन्डिकॅप म्हणतात. वयाप्रमाणे व महिन्याप्रमाणे किती सूट द्यावी याचे कोष्टक राउसने बसविले, आणि त्याचीच सुधारून घेतलेली रूपे पुढे जगभर चालली. यातील गंमत अशी की, हॅन्डिकॅप ठरविणाराचे स्वप्न असते, सगळे घोडे एका रेषेत एकाच क्षणी यावेत. आणि भाकीत करणाराचा उद्योग असतो, त्या स्वप्नात कुठे भोक राहिले ते शोधण्याचा. आम्हां शाळामास्तरांना हे चटकन समजते. प्रश्नपत्रिका काढणारा आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ छापणारा यांच्यात असाच सामना चाललेला असतो.

१८५९ साली लंडनला ‘स्पोर्टिंग लाइफ’ हे पत्र निघाले, ते १९९८ पर्यंत चालले. तारायंत्रामुळे निकाल त्याच दिवशी गावोगाव पोहोचू लागले आणि ‘आज कोण जिंकेल’ हे सदर वृत्तपत्रात कायमचे ठाण मांडून बसले. त्याच्याबरोबर मैदानावरचे टिप विकणारेही आले. त्यांतला सर्वांत रंगेल म्हणजे प्रिन्स मोनोलुलू. डोक्यावर शहामृगाची पिसे, अंगात झगमगीत झगा, आणि तोंडी एकच आरोळी : माझ्यापाशी घोडा आहे! अबिसीनियाचा राजपुत्र म्हणून तो मिरवी. प्रत्यक्षात वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा हा पीटर मॅके. १९६५ साली तो वारला. त्याच्यापाशी घोडा असो वा नसो, गिऱ्हाईक मात्र भरपूर होते.

त्याच विलायतेत एक गणिताचा मास्तर या उद्योगात शिरला. त्याचे नाव फिल बुल. घोड्याने शर्यतीला किती वेळ घेतला, एवढ्यावर तो थांबत नसे. मैदान ओले होते की टणक, वारा कुठून होता, पाठीवर वजन किती होते, हे सारे वजाबेरीज करून तो प्रत्येक घोड्याला एक अंक देई. १९४८ साली त्याने ‘टाइमफॉर्म’ ही संस्था काढली. तिच्या मापाने १९६५ च्या डर्बीविजेत्या सी बर्डला १४५ अंक मिळाले, आणि त्याला मागे टाकायला २०१२ साली फ्रँकेल १४७ अंक घेऊन यावा लागला. तबेल्याची पायरी न चढताही घोडा जाणता येतो, हे या मास्तराने दाखविले.

तरीही घोड्याचे सगळेच अंकात मावत नाही. १९३४ सालच्या डर्बीत कोलंबो नावाचा, तोवर एकही शर्यत न हरलेला घोडा साऱ्यांचा लाडका होता. तो तिसरा आला. जिंकला तो विंडसर लॅड, आणि त्याचे मालक होते आपल्या गुजरातेतील राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी! १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तर राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक सगळे अडथळे ओलांडून स्पष्ट पुढे होता. विजयरेषा अवघी काही पावले उरली आणि तो अकस्मात पोटावर बसला. का, हे आजवर कोणी निश्चित सांगू शकलेले नाही. त्यावर बसलेला जॉकी डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथा लिहून नावाजला, पण हे रहस्य त्यालाही उकलले नाही.

आपल्या मुंबईतही हा खेळ जुना आहे. भायखळ्याला शर्यती होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. आज इंडियन डर्बी म्हणतात ती शर्यत १९४३ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी जिंकली. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, असा या घोड्यांचा मुक्काम असतो. महालक्ष्मीच्या एका दिवसाचे भाकीत मांडणारा काय पाहतो? जुलै-ऑगस्टात पुण्याच्या भिजलेल्या हिरवळीवर जिंकलेला घोडा कोरड्या मैदानावर तसाच पळेल का, हजार मीटरचा धावपटू आहे की चोवीसशेचा दमदार, गेल्या विजयानंतर वजन किती वाढले, सुटताना दार आतल्या बाजूचे मिळाले की बाहेरचे, जॉकी कोण, आणि पहाटेच्या सरावात घोडा ओढून धरावा लागत होता की हाकावा लागत होता. इतके पाहून तो प्रत्येक शर्यतीत तीन नावे देतो. एकच का देत नाही, हे सुज्ञांना सांगायला नको.

इथवर झाले अश्वहृदय. अक्षहृदयाची गोष्ट वेगळी आणि अधिक कठोर आहे. जिंकण्याचा संभव जास्त, त्या घोड्याचा भावही तितकाच कमी. जे सर्वांना कळले ते भावात आधीच उतरलेले असते. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे भाव आणि निकाल ताडून पाहिले. लोकांचा एकूण अंदाज बराच बरोबर असतो, असे त्याला आढळले; फक्त एक खोड होती. ज्याची आशा थोडी, अशा घोड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावत. शंभराचे पाच हजार होतील, या स्वप्नाची किंमत ते मोजत होते. त्यात टोटची रीत अशी की, जमलेल्या रकमेतून कर आणि क्लबचा वाटा आधी काढायचा व उरलेले जिंकणारांत वाटायचे. समजा शंभरातले वीस असे गेले, तर ऐंशीच रुपये शंभर रुपये लावणारांत फिरणार. सगळे सारखेच शहाणे असले तरी सगळे मिळून वीस रुपयांनी गरीब होऊनच घरी परततील.

१९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच जुना प्रश्न आला. तमिळनाडूतील कायद्यांवरून चाललेल्या लक्ष्मणन् खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे; लॉटरीसारखा निव्वळ दैवाचा नव्हे. वंश, सराव, दम, जॉकी हे सारे अभ्यासता येते, हे खरेच आहे. पण विद्या अस्तित्वात आहे, याचा अर्थ कठड्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकापाशी ती आहे, असा होत नाही. शस्त्रक्रिया हेही कौशल्यच आहे. म्हणून कोणी घरी सुरी परजीत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराचे पाकीट घेऊन परस्पर महालक्ष्मी स्टेशनावर उतरलेल्या आणि रात्री रिकाम्या हाताने चाळीचा जिना चढलेल्या माणसांच्या बायकांना न्यायालयाचा हा बारकावा कोणी समजावून सांगायचा? त्यांच्या घरची दिवाळी पुस्तकातल्या तीन नावांवर टांगलेली असे.

नलाची गोष्ट पुढे कशी जाते, ते पाहा. दोन्ही विद्या हाती आल्यावर तो निषध देशी परतला, भाऊ पुष्कर याच्याशी एकच डाव खेळला आणि गेलेले राज्य जिंकले. मनात आणले असते तर तो आणखी खेळत बसला असता. जगात त्याला हरविणारा उरला नव्हता. पण त्याने फासे ठेवून दिले, पुष्कराला क्षमा केली, त्याचा वाटा त्याला दिला आणि सन्मानाने त्याच्या नगरीला रवाना केले. मग दमयंतीला आणि दोन्ही मुलांना घेऊन तो सुखाने राहिला.