‘इंडस क्रीड’ : नामांतर आणि नादांतर

मुंबईतील रॉक संगीताचा इतिहास सांगू जाता १९९३ या सालापाशी थांबावेच लागते. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाने त्या वर्षी ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. नामांतराची तारीख सहज हाती लागते, म्हणून संगीतातील स्थित्यंतरही तेथेच मानण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मोह टाळावयास हवा. ज्यास नादाचे जडत्व म्हणता येईल, ते या वृंदाच्या संगीतात अवतरले ते नामांतरानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी.

‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) या ध्वनिमुद्रिकांवर पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाप उघड दिसते. नव्या नावाची ध्वनिमुद्रिका १९९५ साली आली. तीत भारतीय रंग मिसळले, परंतु भार वाढला असे म्हणवत नाही. नाद रुंदावला, खोल गेला नाही. पुढे १९९७ साली वृंद विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले व तेथे ‘आम्स फॉर शांती’मध्ये गाऊ लागले. २०१० साली जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. हिच्यात प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब, वळणे घेणारी रचना आणि जड गिटार ही दोन्ही एकत्र आढळतात.

येथे जडत्व म्हणजे काय, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. ते निव्वळ मोठ्या आवाजात नसते. विद्युत्-गिटारचा संदेश प्रवर्धकाच्या क्षमतेपलीकडे रेटला, की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात व मूळ स्वराभोवती नवे उपस्वर उमटतात. बास-गिटार तोच स्वर खालच्या सप्तकात धरून ठेवते, ढोल त्याच मात्रेवर आघात करतो. या एकसमयतेतून भार निर्माण होतो. म्हणूनच गायक आणि मुख्य गिटारवादक तेच असतानाही बास व ढोल वाजविणारे बदलले, तर वृंदाचे वजन बदलते. इंग्लंडमधील ‘किंग क्रिम्झन’ने १९७४ साली ‘रेड’ ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस वृंदाबाहेर पडले होते. उरलेल्या तिघांत बास आणि ढोल यांचेच प्राबल्य होते. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये बेनेगल, महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया हे जुने, परंतु बासवर रुषाद मिस्त्री आणि ढोलावर जय रो कवी हे दोघेही नवे होते. या गोष्टीस नामांतरापेक्षा अधिक महत्त्व द्यावयास हवे.

दुसरे कारण परिसराचे. मधल्या काळात मुंबईच्या तरुण श्रोत्यांचा कान पालटला होता. २००० साली स्थापन झालेल्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’सारख्या मेटल वृंदांनी जड नाद शहरात रुजविला होता.

परंतु याच काळात असा नाद वाजविण्याची हक्काची जागा मात्र गेली. धोबी तलावचे खुले ‘रंगभवन’ हे मुंबईच्या रॉक श्रोत्यांचे माहेरघर होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतालचे किमान शंभर मीटरचे क्षेत्र शांतता-क्षेत्र ठरविता येऊ लागले, आणि नव्या शतकाच्या आरंभीच रंगभवनातील मैफली बंद पडल्या. (नियम अर्थातच सर्वांस सारखा : नंदुरबार जिल्ह्यातील रनाळे येथल्या वरातीसही रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. अंमलबजावणीची गोष्ट निराळी.) त्यामुळे ‘इव्हॉल्व्ह’च्या काळातील रॉक वृंदांस मुंबईत उघड्या आकाशाऐवजी बंदिस्त दालनांचा आश्रय घ्यावा लागला. त्यांपैकी प्रमुख ‘ब्लू फ्रॉग’ हे २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात उघडले आणि २०१६ साली बंद झाले.